खांद्यावरची शाळा

केलांतानच्या नदीकाठच्या त्या शाळेची शंभरी. माजी विद्यार्थ्यांच्या पहिल्या रांगेत तिजाह आजी खुशाल जाऊन बसल्या, तेव्हा हेडमास्तर झुलहैरी जुनं हजेरीपुस्तक घेऊन अवघडत जवळ आले.

"आजी, यात तुमचं नाव नाही हो."

"असेल कसं? मुलींना कुठे घेत होते तेव्हा! शाळा उंच लाकडी खांबांवर. वर मुलं घोकायची, खाली सावलीत बकऱ्या राखत मी मातीत काडीने गिरवायची."

"म्हणजे परीक्षा नाहीच झाली तुमची."

"झाली की! पुराच्या धास्तीने गावाने अख्खी शाळा खांद्यावर उचलून टेकाडावर नेली ना, त्याच दिवशी. शाळा उचलली आणि खालची माती उघडी पडली. कुराणाच्याच लिपीतली अक्षरं ती, त्यांच्यावर पाय कोण देणार? सगळे जागच्या जागी थांबले. मास्तर वाकले, ओळ न् ओळ वाचली, एक चूक सुधारली आणि मगच हाताने पुसलं."

"आणि शाळा?"

"ऐंशी माणसं खांद्यावर घेऊन उभी होती, बाळा. माझा पेपर तपासून होईपर्यंत."