तापुवाईच्या धक्क्याचे खांब

"वीतभर," डुगल म्हणाला. "नायरी, तुझा धक्का वीतभर सरकलाय."

मोजणीदार डुगलने दुर्बिणीवरचा डोळासुद्धा काढला नाही. इंजिनियर नायरी शाळेच्या पायरीवर मटकन बसली. भूकंप झाल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

तापुवाई बंदराचा हा धक्का तिने बांधला होता. हादरा बसला की इथली ओली वाळू लापशीसारखी पातळ होते आणि किनारा समुद्राकडे घसरू लागतो. म्हणून तिने खांब वाळूच्या पार खाली, खडकात रोवायला लावले होते. "पोरी, खांब पाताळात सोडतेस की काय?" असं म्हणून गावाने तेव्हा तिला छळछळ छळलं होतं.

आता गावात प्यायला पाणी नव्हतं. पाणी आणि औषधं घेऊन आलेलं जहाज खाडीच्या तोंडाशी थांबलं होतं. धक्का सरकला म्हणजे खांब मोडलेले असणार, आणि मोडक्या खांबांवर जहाज लावणं म्हणजे माणसं मारणं.

बंदराचा कारभार बघणारे तामातीकाका काठी टेकत आले. "काय ते एकदाचं सांगा रे. जहाज परत धाडू?"

"थांबा, पुन्हा मोजतो," डुगल म्हणाला.

गावातलं प्रत्येक माप शाळेच्या पायरीतल्या पितळी खिळ्यापासून घ्यायचं, ही डुगलच्या आजोबांपासूनची रीत. शाळा लाकडी, खाडीकाठच्या भरावावर उभी, पण तिची एक काचसुद्धा तडकली नव्हती. म्हणून तर सगळं गाव आत येऊन झोपलं होतं. नायरीने सकाळी आपल्या आईलाही तिथेच आणून ठेवलं होतं.

जमीन पुन्हा थरथरली. आत एक मूल रडायला लागलं. डुगलने माप घेतलं.

"आणखी दोन बोटं. गावाकडे."

"गावाकडे?" नायरी वैतागली. "अरे, वाळू खांबांना ढकलेल ती समुद्राकडे. हे उलटं कसं?"

"वाळूने तुझी पुस्तकं वाचलेली नाहीत, बाई."

भांडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. इतक्या वर्षांचं काम मातीत गेलं, याचं तिला रडू येत होतं.

"पाठवा जहाज परत, काका."

"तू म्हणतेस तर पाठवतो. पण मी आत्ताच त्या धक्क्यावरून चालून आलो, कुठे एक फट नाही बघ. दीपस्तंभाच्या खडकावरून एकदा बघून तर घ्या. तेवढीच माझ्या मनाची समजूत."

डुगल कुरकुरतच दुर्बीण खांद्यावर टाकून खडकावर चढला. नायरीही पाय ओढत मागोमाग गेली. बांधकामाच्या वेळी इथून घेतलेली मापं तिला तोंडपाठ होती. ती आकडे सांगत गेली, तो जुळवत गेला. आधी त्याने धक्का बघितला. मग दुर्बीण गावाकडे वळवली आणि शाळेच्या पायरीतल्या खिळ्याचं माप दोनदा घेतलं.

"धक्का जागच्या जागी आहे," तो हळूच म्हणाला. "नायरी, शाळा सरकतेय."