मशीनचा प्लग

शेवंतीने ‘मशीन घेतास की नाय?’ असं विचारून इतका वेळ झाला, की चहावर साय धरली. होडीचं जुनं मशीन चालवून बघायला पाण्याच्या पिंपाच्या काठावर अडकवलं होतं; तारी त्याच्याकडेच एकटक पाहत राहिले, पलीकडे उभ्या शेवंतीकडे मात्र नाही.

नवरा वारल्यावर तिने ते विकायला काढलं, तेव्हापासून विधुर तारी दर बाजाराच्या दिवशी येत, नवी खोट काढत आणि चहा पिऊन जात. मशीन विकलं गेलं, की या अंगणात यायला निमित्त उरणार नव्हतं.

“पंखो बरो असा,” ते अखेर म्हणाले. “आवाज तेवढो घोगरो येता.”

“प्लग तुमच्या खिशात. तेच्याशिवाय मशीन चालूच होणा नाय; आवाज खंयसून येतलो?”

‘साफ करून आणतंय’ म्हणून गेल्या खेपेला नेलेल्या त्या प्लगवर तारींचा हात नकळत गेला.

“उद्या देवगडसून गिऱ्हाईक येतला. प्लग दिल्यात, तर मशीन तेका देतंय.” शेवंतीने निवलेला कप उचलला. “आणि मशीन नको, नुसतो च्या व्हयो, तर तसा सांगा.”

तारी उठले आणि ओहोटीच्या पाण्यासारखे अंगणाबाहेर गेले. प्लग मात्र तसाच खिशात होता, आणि त्यावरचा हात त्यांनी काढला नाही.