शिवी नाही, मारामारी नाही

मुलांनी कुठलं व्हिडिओ चॅनल बघावं आणि कुठलं नाही, हे ठरवणं ही तिची नोकरी. आज एका आईचं चॅनल तपासायला आलं होतं. रबरी साप दाखवून ती आपल्या चिमुरडीला घाबरवायची आणि पोरीनं भोकाड पसरलं की खदाखदा हसत व्हिडिओ काढायची.

"शिवी नाही, मारामारी नाही. उगाच कीस काढू नका, पास करा," साहेब म्हणाले.

तरी तिच्या जिवाला चैन पडेना. नेमकं काय खुपतंय, तेच सापडेना. घरी येऊन तिनं तो व्हिडिओ पुन्हा लावला. शेजारी येऊन बसलेली तिची लेक बघता बघता कावरीबावरी झाली.


"आई, ती एवढी रडतेय, तर तिची आई मोबाइल ठेवून तिला जवळ का घेत नाही गं?"