दुपारची मोकळी ओळ

रविवार, पंधरा ऑक्टोबर. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. माणसे दोन.

निवृत्त तपासनिसांनी एवढे वहीत टिपले आणि मगच हॉटेलच्या खोलीला कुलूप लावले. चाळीस वर्षे कारखान्यात सुट्या भागांची मापे तपासलेला माणूस. दोन दिवसांची सहलही त्यांनी मिनिटामिनिटाने आखली होती. संग्रहालय, तिकिटे दोन. होडी, तिकिटे दोन. घड्याळाचा मनोरा, तिकिटे दोन. वाटेत खाल्लेल्या प्रत्येक पदार्थाला ते दहापैकी गुण देत. सातच्या वर अजून एकही गेला नव्हता.

"आणि दुपारचं जेवण?" त्यांच्या पत्नीने, बाईंनी, विचारले.

"ती ओळ मोकळी आहे." त्यांनी वहीवर हात ठेवला.

बाईंच्या ते पथ्यावरच पडले. धाकटीने तंत्रनिकेतन अर्ध्यावर सोडले आणि याच शहरातल्या एका उपाहारगृहात हाती सुरी धरली, त्याला दोन वर्षे झाली होती. तेव्हापासून बापाने घरात लेकीचा विषय काढला नव्हता. आज काहीही करून त्यांना तिथवर न्यायचे, एवढ्यासाठीच तर बाईंनी सहलीचा हट्ट धरला होता.

मनोऱ्यावरून उतरताच बाईंनी गुडघा धरला. "अहो, आता पाऊल उचलत नाही. ते कोपऱ्यावरचं बरं दिसतंय."

तपासनिसांनी घड्याळ पाहिले. "चल."

इतक्या सहज? बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

वाढप्याने त्यांना खिडकीजवळ बसवले. भाज्यांचे सूप आले. तपासनिसांनी एक घोट घेतला, चमचा ठेवला, खिशातून पोलादी मापक काढले आणि गाजराचे तुकडे बशीच्या काठावर मांडून मोजायला घेतले.

"अहो, जेवायला आलोय आपण. लोक बघतायत."

"बघू देत." शेवटचा तुकडा मोजून ते वाढप्याकडे वळले. "हे ज्यांनी कापलं, त्यांना बोलवा."

धाकटी हात पुसत, मान खाली घालून आली. बाईंचा जीव टांगणीला लागला. कारखान्यात मोठे साहेब आले तरी खुर्ची न सोडणारे तपासनीस उठून उभे राहिले.

"बारा तुकडे. बाराही सहा मिलिमीटर," ते म्हणाले. "यंत्राचा माल मी परत पाठवलाय. यात मला खोट सापडत नाही. हातानं केलंस?"

"मापक धरायला तुम्हीच शिकवलं होतंत, बाबा."

तपासनिसांनी घसा साफ केला. यंत्रांच्या खडखडाटात बोलायची सवय असलेला तो आवाज शेवटच्या मेजापर्यंत गेला. "ही माझी मुलगी." मग हलकेच, "बस आता. सूप निवतंय."

"आत काम पडलंय, बाबा."

"दीड ते अडीच तुला सुट्टी आहे. मालकांशी बोललोय मी."

बाईंनी वही ओढून घेतली. ती मोकळी ओळ, शेजारच्या तारखेवरून, तीन आठवड्यांपूर्वीच भरलेली होती. दुपारचे जेवण, एक वाजून तीस मिनिटे. खिडकीजवळचे मेज. माणसे तीन.