आठवणींची वारस

हिरोशिमाच्या पडक्या घुमटासमोर, नदीकाठच्या झाडाखाली मिनामी शाळेच्या पोरांना किनुएसानची हकिकत सांगत होती. किनुएसान स्वतः मागे व्हीलचेअरमध्ये बसून ऐकत होती. वयाने आवाज खोल गेला, तेव्हा तिने आपल्या आठवणी मिनामीच्या हवाली केल्या होत्या. बॉम्बमधून वाचलेली म्हातारी माणसं इथे असे वारस नेमतात, आणि वारस महिनोन्‌महिने त्यांच्यासमोर बसून एकेक शब्द ऐकून घेतात.

खुर्चीमागे लेक उभी होती, रित्सुको. एरवी आईला सोडून ती बाजारहाटाला जायची. आज थांबली.

"धाकट्या भावाची पाठ भाजली होती," मिनामी सांगत होती. "औषध कुठलं मिळायला? किनुएसान परसातली काकडी कापून चकत्या त्याच्या पाठीवर ठेवायची. त्या लगेच गरम व्हायच्या. की दुसऱ्या ठेवायची. मग एका सकाळी चकत्या गारच राहिल्या."

रित्सुकोने खुर्चीची मूठ आवळली. त्यांच्या घरात काकडी कधी आली नव्हती. लहानपणी तिने हट्ट केला, तर आईची चापट खाल्ली होती. आईला वास सोसत नाही, एवढंच तिला ठाऊक. मामा लहानपणी गेला, एवढंच ठाऊक. आणि ही कुठली कोण बाई, हिला सगळं माहीत! हिच्यापुढे आई रडलीही असेल. हिने तिचे डोळे पुसले असतील. रित्सुकोचा नुसता तिळपापड झाला. साठी उलटलेल्या बाईने असा हेवा करू नये, हे कळत होतं, पण वळत नव्हतं.

पोरं वाकून नमस्कार करून गेली. मिनामी लगबगीने आली आणि किनुएसानच्या मांडीवरची शाल नीट करू लागली.

"काही चुकलं का, किनुएसान?"

"नाही गं. माझ्यापेक्षा बरं सांगतेस."

"शाल राहू द्या," रित्सुको म्हणाली. "तेवढं तरी माझ्याकडे ठेवा."

मिनामी कानशिलापर्यंत लाल झाली. वाकली आणि ट्रामच्या दिशेने चालू लागली.

"तिला सगळं सांगितलंस, आई. मी कोण होते तुझी?"

किनुएसान पाठमोऱ्या मिनामीकडे बघत राहिली.

"ती ऐकायची आणि आपल्या घरी निघून जायची," ती म्हणाली. "तू कुठे गेली असतीस?"