लगाम कुणाच्या हाती

"आजपासून चोराची शक्ती थोडी कमी," सोपानराव म्हणाले. "चोराला आपला गुन्हा दुसऱ्याच्या माथी मारता येईल. पण मेलेल्या माणसाच्या माथी नाही."

सुजितच्या हातात वीस बाजूंचा फासा होता. खेळातला चोर तोच होता.

"मूळ खेळात असं कुठे आहे, आण्णा?"

"हे घरचे नियम. खेळून तर बघा, जावईबापू. तुमचं काय जातंय?"

मोशीच्या या फ्लॅटमध्ये खेळ आणला होता सोपानरावांच्या मुलाने, प्रितमने. राक्षस, किल्ले, जादूटोणा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे, आणि प्रितमने गोष्ट पुढे न्यायची. त्याची बहीण वर्षाली वैदू व्हायची, तिचा नवरा सुजित चोर, आणि प्रितमचा मित्र बुद्धभूषण योद्धा. सोपानराव तेव्हा पेपरामागून नुसते हसायचे. "सगळं आयुष्य कंपनीत गेलं. मला तुमचे राक्षस काय कळणार?"

गेल्या वर्षी चाकण-तळेगाव रस्त्यावर प्रितमची गाडी उलटली. निघोज्याचा एक दुचाकीवाला तिच्याखाली सापडला. तो गेला, प्रितमही गेला. सोबत असलेला सुजित खांद्याचं हाड मोडून वाचला. प्रितम भरधाव चालवत होता, असं त्याने पोलिसांना सांगितलं आणि तेच घरी सांगितलं.

सोपानराव निघोज्याला त्या माणसाच्या घरी गेले. त्याच्या बायकोपुढे हात जोडून उभे राहिले. तिने दार लावून घेतलं. तेव्हापासून ते मान खाली घालूनच चालत.

आणि आता काही आठवड्यांपासून त्यांनी खेळ पुन्हा मांडला होता. प्रितमच्या खुर्चीवर स्वतः बसून.

पुढच्या रविवारी आणखी एक नियम आला.

"प्रवासात घोडागाडी उलटली, तर पहिला घाव लगाम धरणाऱ्याला. आणि एकदा गाडी उलटली, की कुणालाही जागा बदलता येणार नाही."

सुजितने मान वर केली. सोपानराव त्याच्याकडेच बघत होते, पापणी न लवता.

"टाका फासा."

सुजितने फासा टाकला. आकडा मोठा पडला. चोराला खरचटलंही नाही.

"बघा!" सोपानराव हसले. "निघाले की नाही सुखरूप!"

ते हसू सुजितला दिवसभर सोडेना.

मारुंजीला परतताना गाडी वर्षाली चालवत होती. अपघातानंतर सुजितने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. हिंजवडीच्या चौकात सगळं ठप्प झालं होतं.

"आण्णांना काहीतरी कळलंय," तो म्हणाला.

"काय कळायचंय त्यांना?"

सुजितने खिडकीची काच खाली केली. मग म्हणाला, "काही नाही. पुढच्या रविवारी मी येत नाही. ओव्हरटाइम आहे म्हणून सांग."

"नको रे. मनाला लावून घेतील ते." वर्षालीने समोरच्या टेम्पोवरची नजर काढली नाही. "त्या घरात तुझ्यावर त्यांच्याइतका जीव कुणाचाच नाही."

तो आठवडा सुजितला जेवण गेलं नाही. शिफ्टमध्ये मशीनसमोर उभा असताना त्याला एकच दिसायचं: चष्म्याआडचे ते दोन डोळे. म्हातारा सगळं ओळखून होता. ओरडत नव्हता, पोलिसांत जात नव्हता. एकेक नियम करून दोरी आवळत होता.

तरी रविवारी तो गेला. न जाणं म्हणजे कबूल करण्यासारखंच होतं.

"शेवटचा नियम," सोपानराव म्हणाले. "वैदूला नवी शक्ती. मेलेल्याला एक प्रश्न विचारता येईल. मेलेला खोटं बोलत नाही."

खेळ सुरू झाला. खिंडीत घोडागाडी उलटली. बुद्धभूषणचा फासा पडला आणि तो कपाळावर हात मारून हसला.

"मेलो, भावा! योद्धा गेला."

कुणी हसलं नाही. खाली गल्लीत भंगारवाला ओरडत चालला होता. सोपानरावांनी टेबलाची कडा घट्ट धरली.

"वैदू, शक्ती वापरणार?"

"वापरते," वर्षाली म्हणाली. ती मान खाली घालून, अगदी सावकाश बोलली. "मेलेल्या माणसा, गाडी उलटली तेव्हा लगाम कुणाच्या हातात होता?"

बुद्धभूषण उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात सुजितची खुर्ची मागे कोसळली.

"बस्स! बस्स करा, आण्णा!" तो ओरडला. "हेच ऐकायचंय ना तुम्हाला? मीच चालवत होतो गाडी! प्रितम झोपला होता शेजारी. मी त्याला एका हाताने ओढून माझ्या जागी बसवला. त्याचा श्वास तेव्हाच थांबला होता, आण्णा, शपथ घेऊन सांगतो. तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, मग मला असं रोज थोडंथोडं का मारताय?"

बुद्धभूषण हळूहळू उठून उभा राहिला.

सोपानरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी मान वळवली. सुजितकडे नाही, मुलीकडे.

"पोरी," ते म्हणाले, "तुझे हे नियम मी एवढ्यासाठीच कबूल केले होते, की जावई खोटं बोलत नाही हे तुला एकदाचं पटावं."