भिंतीवरची झाकणं

“समदं काढ. एकबी झाकण भिंतीवर दिसलं न्हाई पाहिजे,” संघप्रिया दारातूनच म्हणाली.

सिद्धोधनने बहिणीकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे. परभणीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात बाहेरच्या खोलीची अख्खी भिंत बियरच्या बाटल्यांच्या झाकणांनी भरलेली होती. लाल, निळी, सोनेरी. खाली फळीवर रिकाम्या बाटल्या आणि ग्लासाखाली ठेवायचे पुठ्ठ्याचे गोल.

पिणारा म्हणावा तर तो तसा नव्हता. रविवारी एक बाटली, तीही सावकाश. पण कुठेही गेला की त्याची नजर जमिनीवर. येलदरीचं धरण बघायला गेला आणि काठच्या चिखलातून एक गंजकं झाकण घेऊन आला. ताडकळसच्या बाजारात भंगारवाल्याकडे उठावाच्या अक्षरांची जुनी बाटली सापडली, ती एसटीत मांडीवर घेऊन आणली, लेकरू आणावं तशी.

दोन स्थळं या भिंतीनेच मोडली होती. एका मुलीचा मामा तर उंबऱ्यातूनच माघारी फिरला. “आमाला जावई पाहिजे, बार न्हाई,” म्हणाला. सिद्धोधन चाळिशीला टेकला होता. कचेरीतून आला की कुलूप उघडायचं, स्वतःपुरता भात टाकायचा. आई गेल्यापासून त्या घरात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

“हे स्थळ त्यांच्याकडूनच आलंय,” संघप्रिया सांगत होती. “रोहिणी नाव. नांदेडला नर्स हाय. अन् पोरगी सोता येते म्हणती घर बघायला. कुठं असतंय असं? पण येऊ दे. ह्या टायमाला तरी येड्यासारखं करू नको, दादा.”

बहीण पूर्णेला परत गेली. सिद्धोधनने फोन काढला.

झाकणं जमवणाऱ्यांचा फोनवर एक गट होता, तिथे त्याला बन्सीधर भेटला होता. गावाचं नाव त्याने कधी सांगितलं नाही, पण भाषा इकडचीच. काही सापडलं की सिद्धोधन आधी त्यालाच फोटो पाठवायचा. ‘माझ्याकडं हे न्हाई,’ असं उत्तर आलं की दिवस चांगला जायचा. बोलणं सगळं लिहूनच. ‘घरी बोलायची सोय नसते,’ असं बन्सीधरने सुरुवातीलाच कळवलं होतं. मोडलेल्या स्थळांचं दुःखही सिद्धोधनने त्यालाच सांगितलं होतं.

‘बन्सीभाऊ, रविवारी पाहुणे येणार. भिंत साफ करायलोय,’ त्याने लिहिलं.

उत्तर आलं, ‘नका काढू. जे हाय ते दाखवा.’

‘दोनदा दाखवलं. आता संसार पाहिजे भाऊ, झाकणं न्हाई.’

फोन फळीवर ठेवून सिद्धोधन उठला.

त्याने उलथन्याने एकेक झाकण काढलं. येलदरीचं काढताना हात जरा थांबला, मग तेही पोत्यात गेलं. भंगारवाला येऊन पोती घेऊन गेला. गल्लीच्या वळणापर्यंत काचेचा खळखळाट ऐकू येत राहिला.

रविवारी दुपारी पाहुणे आले. जयभीम झाला, पाणी झालं. रोहिणीचे वडील दत्तराव निवृत्त मास्तर, मोजकं बोलणारे. संघप्रियाने पोहे केले होते. रोहिणी तिशी ओलांडलेली, साधी सुती साडी, आवाज जरासा बसका. ती आली तशी भिंतीकडेच बघत होती.

थोड्या वेळाने दत्तराव म्हणाले, “तुमी दोघं बोला. आमी मागचं अंगण बघतो.” संघप्रिया त्यांना मागे घेऊन गेली.

रोहिणी उठून भिंतीजवळ गेली. चिकटपट्टीचे डाग सगळे निघाले नव्हते. एका डागावरून तिने बोट फिरवलं.

“हितं काय व्हतं?”

“कॅलेंडर व्हती,” सिद्धोधन म्हणाला.

“येवढी?”

“जुनी. कचेरीतली.”

ती वळली. “तुमाला कशाचा नाद हाय का? काय जमवायचा, कुठं हिंडायचा?”

त्याच्या तोंडाशी आलं होतं. पण उंबऱ्यातून फिरलेला तो मामा त्याला आठवला.

“न्हाई,” तो म्हणाला. “मी आपला कचेरी अन् घर. कशाचाच नाद न्हाई.”

“बरं,” ती म्हणाली. अर्धा चहा तसाच ठेवून तिने पदर सावरला.

दिवस कलायच्या आत नकार आला. पूर्णेला पोचलेल्या संघप्रियाचा फोन होता. “मास्तरला तू पसंत हायेस रे. पोरगीच नको म्हणती. कारण इचारलं तर गप बसती. आता तर भिंतबी साफ व्हती, आता काय कमी पडलं?”

तो पलंगावर बसून राहिला. समोर डागाळलेली भिंत. पहिले दोन नकार आले तेव्हा निदान ती झाकणं तरी समोर होती.

आज लिहून भागणार नव्हतं. बन्सीधरला राग आला तर येऊ दे, म्हणून त्याने पहिल्यांदाच फोन लावला. घंटी बरीच वाजली. मग फोन उचलला गेला.

“बन्सीभाऊ, मी सिद्धोधन. परभणीचा,” त्याने बोलायला सुरुवात केली आणि त्याला थांबता येईना. “नकार आला, भाऊ. तुमी सांगितलं व्हतं, नका काढू म्हणून. मी ऐकलं न्हाई. येलदरीचंसुदिक भंगारात दिलं. अन् पोरगी चांगली व्हती हो. तिनं सरळ इचारलं, अन् मी सरळ खोटं बोललो. आता घरात काहीच न्हाई. तुमी तरी बोला.”

पलीकडे कुणीतरी श्वास घेतला.

“माझी झाकणं अजून भिंतीवरच हायेत,” रोहिणी म्हणाली.